जत्रेचा डबा

आषाढातला शुक्रवार होता. गल्लीतली पी-ढबाक वाजंत्री थांबून तास-दीड तास झाला होता, पावसाची रिपरिप मात्र थांबली नव्हती. टेंबलाई देवीला नवं पाणी घालून माणसं परतली होती आणि घराघरांत बसलेल्या मटणाच्या फोडणीचा वास ओल्या भिंतींना चिकटून राहिला होता. तेवढ्यात एका ख्रिस्ती घराच्या उंबऱ्यावर शेजारचा पोरगा डोक्यावर टॉवेल धरून आला, "आईनं दिलाय" म्हणाला आणि स्टीलचा डबा ठेवून पळाला. वरच्या पुडात सुकं, खालच्यात तांबडा रस्सा, इतका गरम की झाकणाच्या कडेनं तेलाचा लाल ओघळ बाहेर आलेला. धाकटी जाऊ आत वळून म्हणाली, "आक्का, काकींनी जत्रंचा डबा धाडलाय बघा." थोरलीनं डब्याकडं पाहिलं, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मी न्हाई खाणार. तुझं तू बघ."

तुझं तू बघ.

आवाज चढला नाही, बायबलमधली वचनं काढली गेली नाहीत. धाकटीनं डबा मागच्या खोलीत नेला, दार अर्धं ओढून घेतलं, आणि ती आणि तिचा मुलगा भिंतीकडं तोंड करून जेवले. भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा बाहेर येत होता. थोरली पुढच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. दोघींपैकी कुणीही चुकीचं वागलेलं नव्हतं आणि तरीही त्या घरात काहीतरी तुटल्याचं बाहेरून आलेल्या माणसालाही कळत होतं. त्या रविवारी चर्चमध्ये, येशूच्या स्मरणार्थ घेतात त्या प्रभुभोजनाचा ट्रे बाकावरून सरकत आला, छोट्या पेल्यांची किणकिण झाली, थोरलीनं आपला पेला उचलून ट्रे धाकटीच्या हातात दिला. तो देताना दोघींनीही एकमेकींकडं पाहिलं नाही. डबा बाजूला राहिला. ही न झालेली नजरानजर मनातून जात नाही.

ख्रिस्ती माणसाच्या मोकळीकीवर बोलायचं तर लोक सहसा मोठ्या शब्दांनी सुरुवात करतात. कोल्हापुरात हा विषय डब्यातून येतो, आपट्याच्या पानांतून येतो, दिवाळीच्या ताटावर झाकलेल्या क्रोशाच्या रुमालाखालून येतो. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली इथं आले, तेव्हापासूनच्या एकाही पिढीला हा प्रश्न चुकला नसणार. चुकावा कसा? शेजार आहे, माया आहे, आणि माया इथं ताटातून व्यक्त होते.

बायबलमधली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला हा डबा चांगला ओळखीचा होता. ग्रीसमधल्या करिंथ शहरात देवळात बळी दिल्यावर काही भाग वेदीवर जाई, काही पुजाऱ्याला मिळे, उरलेल्याची पंगत होई किंवा ते बाजारात विकायला येई. तिथल्या अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या देवस्थानाच्या उत्खननात जेवणाच्या तीन खोल्या सापडल्या आहेत, प्रत्येकीत अकरा जणांनी रेलून बसावं एवढ्या बैठका. लग्न, बारसं, धंद्यातली बोलणी अशा कारणांनी माणसं देवळाच्या आवारात जेवत. त्यामुळं त्यानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठ ते दहा हे अध्याय खाण्यावर खर्ची पडले आहेत, आणि ते नीट वाचले तर एक सरसकट हुकूम सापडत नाही. तीन वेगळ्या जागा सापडतात. देवळातल्या पंगतीला बसणं हा पूजेतला सहभाग आहे, ते नको. बाजारात विकतं ते विचारपूस न करता घ्यावं, कारण पृथ्वी आणि तिच्यातलं सारं प्रभूचं आहे. आणि कुणी घरी जेवायला बोलावलं तर पुढं येईल ते खावं. पण तिथं कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नये, सांगणाऱ्यासाठी खाऊ नये. दहाव्या अध्यायातलं एकोणतिसावं वचन इथं फार नेमकं आहे: सद्सद्विवेकाचा प्रश्न आहे तो त्याच्या, तुझ्या नव्हे.

आता जत्रेचा डबा यातल्या कुठल्या जागेवर ठेवायचा? तो देवळातला नाही. बाजारातलाही नाही. तो घरी आला, म्हणजे तिसऱ्या जागेजवळ गेला. पण त्याच्या नावातच जत्रा आहे, म्हणजे सांगणं झालंच. थोरलीनं हा धागा धरला होता आणि तो कच्चा नाही. धाकटीनं दुसरा धरला होता: पोरगा फक्त "आईनं दिलाय" म्हणाला, काकी आपली परीक्षा बघायला डबा पाठवत नाहीत, वीस वर्षं शेजार आहे म्हणून पाठवतात; मूर्ती काही नाही हे तर पौलच सांगतो, मग मटण हे मटणच. तोही कच्चा नाही. खरी गाठ काकींच्या मनात आहे. आपण तो रस्सा खाल्ला तर "यांनीही आईचा प्रसाद घेतला" असं त्यांना वाटतं, की "शेजाऱ्यांनी आपला वाटा घेतला" असं वाटतं? पहिलं असेल तर नकार द्यावा, गोड शब्दांत द्यावा. दुसरं असेल तर खाण्यानं कुणाच्याच विवेकाला धक्का नाही. हे कळायला काकींना विचारावं लागतं, आणि दोन्ही जावांनी तेवढं सोडून बाकी सगळं केलं होतं.

विचारणं अवघड नाही. काही घरं जत्रेच्या चार दिवस आधीच शेजारी सांगून ठेवतात, "काकी, आमच्यासाठी निवद दाखवायच्या आधीचं काढून ठेवा, एवढं कराल का?" बहुतेक जणी आनंदानं करतात, कुणाच्या घरात काय चालतं याची जाण इथल्या बायकांना पिढ्यानपिढ्या आहे, उपवासाचं ताट वेगळं काढणाऱ्या हातांना हे नवीन नसतं. वर्गणीचंही तसंच. मांडव, पाणी, दिवाबत्ती यांना पैसे द्यावे आणि बोकडाच्या वर्गणीला विनम्रपणे नाही म्हणावं असं ठरवणारे आहेत. सगळीच देणारे आहेत. काहीच न देता पावसात मांडवाचे बांबू धरायला जाणारेही आहेत. बिघडतं ते ऐन वेळी सांगितल्यानं. डबा दारात आल्यावर "आम्हाला चालत नाही" म्हणणं म्हणजे दिलेला हात झटकणं. तेच चार दिवस आधी सांगितलं की ती घरची पद्धत होते.

पत्रात एक शब्द आहे ज्याचा मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, फार सैल वापर होतो: अडखळण. मूळ ग्रीक शब्द सापळ्याशी जोडलेला आहे, आमिष अडकवायच्या काडीशी. उंदराच्या सापळ्यात भाकरीचा तुकडा ज्या तारेला लावतात ती तार डोळ्यापुढं आणा. त्या तारेला तोंड लागलं की दार पडतं. पौलाची भीती ही होती: जो माणूस कालपर्यंत त्या देवाला खरोखर मानत होता, ज्याच्या अंगात ती भक्ती अजून जिवंत आहे, तो तुम्हाला खाताना पाहून, मन नको म्हणत असताना, तुमच्या धीरावर खाईल आणि आतून मोडेल. मागं फिरेल. म्हणजे अडखळण म्हणजे नाराजी नव्हे. एखाद्या ज्येष्ठांना तरुण पोरांचा कीबोर्ड आवडत नाही, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, म्हणून ते अडखळले असं होत नाही. त्यांना न आवडलेलं आहे, आणि न आवडण्याचा त्यांना हक्क आहे. पण त्या आठ्यांना "दुर्बळाचा विवेक" असं पौलाचं नाव देऊन सगळ्या मंडळीला त्यांच्या आवडीत बांधणं हा वचनाचा गैरवापर आहे. प्रश्न एकच विचारावा: माझं बघून हा माणूस स्वतःच्या मनाविरुद्ध तेच करील का? उत्तर हो असेल तर माझी मोकळीक मी घडी घालून ठेवावी, तक्रार न करता ठेवावी. नाही असेल तर त्याच्याशी प्रेमानं वागावं, पण त्याचं मत माझा नियम होत नाही.

गंमत वाटावी अशी नाही, पण खरी गोष्ट ही की स्वतःला दुर्बळ म्हणवणारा कुणीच भेटत नाही. थोरलीच्या मनात धाकटी दुर्बळ, कारण तिला शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही. धाकटीच्या मनात थोरली दुर्बळ, कारण तिला अजून टेंबलाईची भीती वाटते. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल सगळं खाणाऱ्याला एक शब्द लावतो आणि न खाणाऱ्याला दुसरा. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये. न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा न्याय करू नये. दोन आजार, दोन औषधं. मोकळ्या माणसाच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येतं, ते त्याचं पाप. नियमात राहणाऱ्याच्या मनात न्यायासन मांडलं जातं, ते त्याचं. दोघांची अदलाबदल क्वचितच होते. आपण कुठल्या बाजूचे हे ओळखायचं असेल तर मतं तपासू नयेत. समोरच्याच्या ताटाकडं बघताना आपल्या मनात हसू येतं की फर्मान येतं, ते बघावं.

ते पत्र ज्या रोममध्ये पोचलं तिथलं घरही असंच दोन चुलींचं होतं. क्लौद्य बादशहानं इ.स. ४९ च्या सुमारास यहुद्यांना रोमबाहेर काढलं, ५४ साली तो वारला, माणसं परत येऊ लागली, आणि मधल्या काळात मंडळीची घडी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी बसवलेली होती. परत आलेल्यांना आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही. कुणी फक्त भाजीपाला खात होता, कुणी ठरावीक दिवस पाळत होता. ५७ च्या सुमारास पौल लिहितो तेव्हा या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात सांगतो की अशाला जवळ करा, आणि लगेच पुढं जोडतो की मतांवर वाद घालण्यासाठी नव्हे. म्हणजे माणसाला घरात घ्यायचं आणि मग त्याची शिकवणी सुरू करायची, हे चालणार नाही.

फक्त भाजीपाला खाणाऱ्यांचा विषय निघाला की पंडिता रमाबाई आठवतात. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्या शाकाहारीच राहिल्या. तिथं सांभाळणाऱ्या मठातल्या सिस्टरांना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसत होता. रमाबाईंचं म्हणणं होतं की ख्रिस्ती होण्यासाठी इंग्रज व्हावं लागत नाही. सिस्टरांच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी संस्कृत मागितली. इतक्या प्रेमानं त्यांना वाढवणाऱ्या त्या बायकांना हे खुपत राहिलं, आणि दोन्ही बाजूंची पत्रं वाचताना वाईट वाटतं, कारण प्रेम दोन्हीकडं आहे. आपण रमाबाईंना मोकळं केलं असं ज्यांना वाटत होतं, त्यांनाच रमाबाईंची मोकळीक पेलवत नव्हती. पुढं ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात राहून लक्ष्मीबाई टिळकांनीही काही काळ आपलं सोवळं सांभाळलं आणि स्वतःच्या विचारानं एक दिवस सोडलं. नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं कुणी हिसकावून घेतली असती तर त्या ज्या झाल्या त्या झाल्या नसत्या.

खंडेनवमीला कारखान्यांच्या उद्यमनगरात गेलं तर हाच अध्याय लोखंडात वाचायला मिळतो. आदल्या दिवशी लेथच्या बेडवरचा बुरादा झाडतात, रॉकेलच्या बोळ्यानं जुनं ग्रीस काढतात, चकचे जबडे खोलून पुसतात, घासणाऱ्या पट्ट्यांवर ताज्या तेलाचा हात फिरवतात. मग कुंकवाची बोटं, झेंडूची माळ, नारळ, पेढा. ख्रिस्ती टर्नरनं काय करावं? साफसफाई हे काम आहे, आणि ती त्यानं सगळ्यांत चांगली करावी. देवावरचा विश्वास हे मशीन घाण ठेवायचं कारण होऊ शकत नाही. आरती ही पूजा आहे, तिथं त्याचा हात नको. माळ घालणं मधलं आहे, त्यावर चांगली माणसं वेगवेगळ्या बाजूंना आहेत. मालकाशी बोलायचं तर आठ दिवस आधी बोलावं, एकट्यात बोलावं, "मी तयारीला सगळा असतो, आरतीच्या वेळी तेवढा मागं थांबतो" एवढ्या शब्दांत बोलावं. नारळ फुटत असताना शेडबाहेर चालू पडणं हा सगळ्यांत वाईट मार्ग, कारण तो अपमान म्हणून वाचला जातो आणि साक्ष म्हणून कुणीच वाचत नाही. पेढ्याचं ज्याचं त्यानं ठरवावं. तरी एकाच शेडमध्ये दोन ख्रिस्ती असतील तर एक हात मागं बांधून उभा राहतो, दुसरा चहाला जातो, आणि रविवारी दोघांपैकी एकाबद्दल बोललं जातं. आपापसात आधी दोन मिनिटं बोलले असते तर पुढचं टळलं असतं. दसरा चौकातलं सोनं लुटून झाल्यावर साहेबांनी हातात दिलेलं आपट्याचं पान मात्र बहुतेक सगळेच घेतात. पान पान असतं, आणि देणारा माणूस समोर असतो.

या सगळ्यात ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याशी निभावून नेणं त्या मानानं सोपं. कठीण आहे ते एकाच बाकावर बसणाऱ्याशी. मंडळीच्या प्रीतिभोजनाचा स्वयंपाक बघा. शंभर माणसांना मटण पंधरा किलो, तांदूळ दहा किलो, हे आचाऱ्याला पाठ असतं. पण पांढरा रस्सा घात करतो. तो दिसायला नारळाचं दूध, निरागस. आत मटणाचा अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, उतरलेला असतो. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात मांस वर्ज्य केलेली किंवा कायमची सोडलेली बाई पंगतीत बसते, वाढणारा पोरगा पांढरा म्हणून वाटी भरतो, ती घोट घेते आणि वाटी खाली ठेवते. कुणी हसतं, "अहो, काय होतंय, प्रभू मनाकडं बघतो." हे हसू रोमकरांस पत्रातलं तुच्छ मानणं आहे, जसंच्या तसं. उपाय धर्मशास्त्रात शोधायची गरज नाही, तो चुलीपाशी आहे. अळणी टाकायच्या आधी काजू, खसखस, तिळाचं वाटण आणि नारळाचं दूध वेगळ्या पातेल्यात काढावं, त्याला भाजीच्या पाण्याची फोडणी द्यावी, त्याचा डाव वेगळ्या दांड्याचा ठेवावा म्हणजे गर्दीत अदलाबदल होत नाही, आणि ते पातेलं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावं. यादीत दहा शाकाहारी असले तर पंचवीसचं करावं. मटण खाणारेही त्यातलं घेतात आणि शेवटी नेमकं त्या दहांना उरत नाही. पंगत मात्र एकच. न खाणाऱ्यांना कोपऱ्यात वेगळं बसवलं की व्यवस्था नीट झाली तरी जवळ करणं राहून जातं.

पेल्याचीही अशीच गोष्ट. आंबलेला द्राक्षारस की न आंबलेला, एकच मोठा पेला की छोटे पेले, यावर मंडळ्यांत वर्षानुवर्षं बोललं गेलं आहे. अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्यानं १८६९ मध्ये द्राक्षाचा रस तापवून आंबण्यापासून राखला तोच मुळी प्रभुभोजनासाठी. आपल्याकडं साधी पद्धत काळ्या मनुक्यांची: पाव किलो मनुके धुऊन लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालायचे, त्याच पाण्यात मंद आचेवर वीसेक मिनिटं उकळायचे, कुस्करून पातळ फडक्यातून गाळायचे, गार करून फ्रीजमध्ये. हे शनिवारी संध्याकाळी करावं. गुरुवारीच करून बाहेर ठेवलं तर एप्रिलच्या उकाड्यात रविवारपर्यंत त्यावर बुडबुडे येतात, वास बदलतो, आणि दारू सोडून दोन वर्षं झालेल्या माणसाच्या नाकाशी नेमकं तेच जातं ज्यापासून तो पळत आला. ज्यांना आंबलेलाच द्राक्षारस योग्य वाटतो त्यांचं म्हणणं इतिहासाला धरून आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण एका माणसाच्या थरथरत्या हातापुढं इतिहास थोडा वेळ गप्प बसू शकतो.

डोक्यावर पदर, टिकली, मंगळसूत्र, पेटी-तबला की ड्रम, उभं राहून प्रार्थना की गुडघे टेकून. या याद्या न संपणाऱ्या आहेत.

आणि या याद्यांवर मंडळीत जे सगळ्यांत जास्त दुखवतं ते भांडण नसतं. ते असतं "प्रार्थनेचा विषय". स्त्रियांच्या सभेत कुणी हळू आवाजात म्हणतं, "एका बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरात वाहिलेलं आलं आणि तिनं..." नाव घेतलं जात नाही, घ्यावं लागतच नाही. सगळ्या डोळे मिटतात आणि मिटलेल्या डोळ्यांआड तोच एक चेहरा असतो. व्यासपीठावरून एका माणसाला नेम धरून केलेला संदेशही असाच. पौलाचं त्याच चौदाव्या अध्यायातलं बाविसावं वचन किती व्यवहारी आहे: तुझी जी खात्री आहे ती तुझ्या आणि देवाच्या मध्ये ठेव. खात्री असावी, पक्की असावी. पाचव्या वचनात तो तेच मागतो, प्रत्येकानं आपल्या मनाची पुरती खात्री करावी. पण खात्री ही जाहीर नोटीस नव्हे. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याशी बोलावं, त्याच्या घरी जाऊन, चहा घेऊन, आणि निम्मा वेळ ऐकण्यासाठी ठेवून.

सगळंच "ज्याचं त्याचं" असंही नाही, आणि हे सांगताना आवाज थोडा कडक करावा लागतो. दारू पिऊन झिंगणं हे मत नाही. खोटं बोलणं मत नाही. आणि अमक्या जातीतून आलेल्या विश्वासणाऱ्याच्या घरी पाणी न पिणं, त्यांच्या घरच्या मयताला लांबून उभं राहणं, सोयरीक निघाली की मूळ गाव विचारणं, याला कुणी "आमच्या घरची खात्री" म्हणत असेल तर तो चौदावा अध्याय नव्हे. तो अंत्युखिया शहरातला प्रसंग आहे. तिथं येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीत जेवत होता. याकोबाकडची यहुदी माणसं आल्यावर तो हळूच बाजूला झाला. पौलानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. भाजीवर इतका मऊ असणारा माणूस पंगत मोडल्यावर इतका तापला, कारण तिथं ताटाचा प्रश्न उरला नव्हता, सुवार्तेचाच होता. त्याच पौलानं आपल्या सोबत्यांपैकी तीमथ्याची सुंता करवली, यहुद्यांमध्ये वावरायचं म्हणून; आणि तीताची करू दिली नाही, कारण तिथं ती अट म्हणून मागितली जात होती. दोन्ही वेळा तो मोकळाच होता.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (सीएनआय) झाली, तेव्हा बालकाचा बाप्तिस्मा मानणारे आणि जाणत्या वयातला मानणारे एका घरात आले. कुणी कुणाचं मत पुसलं नाही. दोन्ही रीती ठेवल्या गेल्या. अन्नापेक्षा कितीतरी मोठा तो प्रश्न. कागदावर ते जमलं. घरोघरी जमवायचं ते काम मात्र दर आषाढात नव्यानं करावं लागतं.

त्या अर्ध्या ओढलेल्या दाराकडं परत यावंसं वाटतं. धाकटीनं दार का ओढलं असेल? थोरलीला वासाचा, दृश्याचा त्रास नको म्हणून ओढलं असेल तर ते प्रेम होतं, आणि त्याहून सुंदर काही नाही. स्वतःलाच पुरती खात्री नव्हती म्हणून ओढलं असेल तर तेविसावं वचन लागू पडतं, संशयात खाणाऱ्याबद्दलचं, आणि मग तिनं तो दिवस न खाता काढायला हवा होता, थोरलीसाठी नव्हे, स्वतःसाठी. दाराची एकच कडी, आणि ती लावणाऱ्या हाताला आपलं आपल्यालाच सगळं ठाऊक नसतं. आणि थोरलीचं "तुझं तू बघ"? शब्द बघितले तर ते पौलाच्या पाचव्या वचनाइतके मोकळे आहेत. पण मराठीत हे वाक्य दोन प्रकारे म्हणता येतं. एकात मोकळं सोडणं असतं, दुसऱ्यात सोडून देणं. त्या दुपारी ते कुठल्या सुरात होतं, हे थोरलीला विचारलं तर तिलाही सांगता येईल का, शंका आहे.

डबा नऊ दिवस मांडणीवर पडून होता, घासून पालथा घातलेला. इथं शेजारचा डबा रिकामा परत जात नाही. हा नियम कुठल्याच पत्रात नाही आणि तो सगळे पाळतात. दहाव्या दिवशी धाकटी कामावरून आली तेव्हा चुलीवर रवा भाजला जात होता, तुपावर, मंद आचेवर, थोरली उलथनं हलवत उभी. दोघींनी लाडू वळले. खालच्या पुडात अकरा बसले, वरच्यात नऊ. थोरलीनं झाकण दाबलं, छत्री काढली आणि दारात थांबली.

"काकी विचारणार, रस्सा कसा झालता म्हणून. काय सांगायचं?"

धाकटीनं डबा उचलला. "मी सांगतो की. चला."